कोथरूडचं घर विकताना: तारीखवार नोंदी, २०२५

१२ जानेवारी, रविवार

आज ठरलं. घर विकायचं.

सासूबाईंना, म्हणजे आईंना, दवाखान्यात न्यायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला अठरा मिनिटं लागली. पायऱ्या ५४. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या दाराबाहेर एक लाकडी खुर्ची ठेवली आहे, खास आईंसाठी. आई तिथे टेकतात, गुडघे चोळतात, काकू पाणी देतात, मग पुढचा जिना. इमारत १९८६ ची. लिफ्ट नाही, आणि बसवायला जिन्याशेजारी जागाही नाही. पुनर्विकासाच्या बैठका चार वर्षं चालू आहेत. होईल तेव्हा होईल, पण आईंचं वय ८१ आहे.

घर दोघांच्या नावावर, ह्यांच्या आणि माझ्या. १९९८ मध्ये पहिल्या मालकांकडून ६ लाख २५ हजारांना घेतलं. कर्ज २०११ मध्ये फिटलं.

भोसरीच्या कारखान्यात नियोजन विभागात मी सव्वीस वर्षं काढली. तिथे कामाला हात घालण्याआधी नोंदवही उघडायची पद्धत होती. घराच्या कामालाही तशीच वही उघडते आहे. पुढे कुणाला हे करायचं असेल तर उपयोगी पडेल.

१९ जानेवारी

पहिले एजंट आले. पौड रस्त्यावर त्यांचं ऑफिस आहे. दारातून हॉल बघितला, स्वयंपाकघरात डोकावले आणि म्हणाले, "एक कोटी पाच लाख. आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे, मॅडम, भाव आता मेट्रोचा लागतो." वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली ६ मार्च २०२२ ला. तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळेच मेट्रोचा हिशोब सांगतात. हे खूश झाले. मला ती रक्कम ऐकून बरं वाटलं, पण एक गोष्ट खटकली. त्यांनी एकही कागद मागितला नाही.

२५ जानेवारी

दुसरे एजंट. सहा महिने फक्त त्यांच्याकडेच घर द्यायचं, मधल्या काळात आम्ही स्वतः गिऱ्हाईक आणलं तरी त्यांना दोन टक्के. नाही म्हटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

तिसऱ्या एजंट एक बाई आहेत. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांचं घर त्यांनी विकून दिलं होतं. सगळे त्यांना ताई म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो.

ताई आल्या, चपला काढल्या, सोफ्यावर बसल्या आणि पहिलं वाक्य: "फाईल दाखवा. घर नंतर बघू."

मी कपाटातून फाईल काढली. त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला. १९९८ चं आमचं खरेदीखत, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. सोसायटीचा शेअर दाखला, त्यावर मागच्या बाजूला आमच्या नावाची नोंद. भोगवटा पत्राची, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीची प्रत. मिळकत कराच्या पावत्या. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. मग थांबल्या.

"बिल्डर आणि पहिल्या मालकांमधला १९८६ चा करारनामा कुठे आहे?"

बँकेकडून २०११ मध्ये जो खाकी लिफाफा आला तो मी तसाच ठेवला होता. आज पहिल्यांदा नीट उघडला. आत करारनाम्याची झेरॉक्स आहे, मूळ प्रत नाही. लिफाफ्याबरोबरच्या यादीवर माझीच सही आहे, 'सर्व मूळ कागद मिळाले'. मी त्या दिवशी मोजून घेतले नव्हते. कारखान्यात पन्नास पैशांचा वॉशरही मी मोजून घ्यायचे, आणि राहत्या घराचे कागद न मोजता सही केली. याचं फार वाईट वाटलं, रात्री झोप लागली नाही.

ताई शांतपणे म्हणाल्या की हे बऱ्याच घरांत निघतं. घेणाऱ्याला कर्ज काढायचं असेल तर त्याची बँक बिल्डरपासून आपल्यापर्यंतची सगळी साखळी मूळ कागदांत मागते. एक कडी नसली की फाईल परत. "म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी कागद. गिऱ्हाईक आल्यावर कागद शोधायला लागलं की भाव पडतो."

मग त्यांनी घर बघितलं. टेप काढून प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली, मी दुसरं टोक धरलं. जुन्या करारनाम्यात ७८० चौरस फूट लिहिलंय, पण ते बांधीव, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्र. आमचं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र, भरलं ६१२ चौरस फूट, म्हणजे साधारण ५६.८६ चौरस मीटर. आता घेणारा कार्पेटवरच बोलतो. ७८० आकडा सांगून बोलावलं आणि तो टेप घेऊन आला तर सौदा तिथेच मोडतो.

भावाचं त्यांनी हवेत सांगितलं नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून आसपासच्या तीन इमारतींमधल्या गेल्या वर्षभरातल्या व्यवहारांचे इंडेक्स टू छापून आणले होते. त्यात खरी नोंदवलेली किंमत असते. ७४ लाख, ७९ लाख ५० हजार, ८१ लाख. शेवटच्या इमारतीला लिफ्ट आहे. "तुमचं ७६ ते ८० च्या मध्ये. एक कोटी पाच सांगणारा तुमचं घर विकत नाही, तुम्हाला अडकवून ठेवतो. चार महिन्यांनी तोच म्हणेल, पंचाहत्तरला देऊन टाका."

८ फेब्रुवारी

ताईंबरोबर लेखी ठरलं. एक पानाचा कागद, पण त्यात सगळं आहे. दलाली एक टक्का, त्यावर १८ टक्के जीएसटी. निम्मी साठेखताच्या, म्हणजे विक्रीचा करार नोंदवण्याच्या दिवशी, निम्मी ताबा दिल्यावर. घेणाऱ्याकडूनही त्या एक टक्का घेणार आणि ते आम्हाला माहीत असणार. जाहिरातीचा खर्च त्यांचा. चार महिन्यांनी दोघांपैकी कुणीही मोकळं.

त्यांचा महारेराचा (गृहप्रकल्प आणि एजंटांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक बघितला. १९८६ ची इमारत रेराच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे आमच्या व्यवहाराला तो लागत नव्हता. तरीही विचारलं, कारण महारेराने आता एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. ज्याने ती दिली त्याला निदान कागद वाचता येतो.

१० फेब्रुवारी ते २० मार्च, गहाळ करारनामा

हा सगळा वेळ एकाच कागदाच्या मागे गेला. क्रम लिहून ठेवते.

आधी जुन्या बँकेत दोन फेऱ्या. त्यांनी माझी सही असलेली यादी दाखवली. तिथे बोलणं संपलं. रिझर्व्ह बँकेचा नियम आता आहे की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये, आणि हरवले तर दुसरी प्रत मिळवायला बँकेनेच मदत करायची. पण तो नियम १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना. आमचं २०११ चं.

मग पोलीस चौकीत कागद गहाळ झाल्याची तक्रार आणि तिचा दाखला. मग वकिलांमार्फत दोन दैनिकांत जाहीर नोटीस, एक मराठी, एक इंग्रजी: अमुक सदनिकेचा मूळ करारनामा गहाळ झाला आहे, कुणाचा हक्क, गहाण, बोजा असेल तर १४ दिवसांत कळवावं. स्वतःच्या घराचा पत्ता 'जाहीर नोटीस' मथळ्याखाली बघताना छातीत धस्स झालं. आईंनी ते पान घडी करून देवघरातल्या पोथीखाली ठेवलं. का, ते विचारलं नाही.

खरं काम दुय्यम निबंधक कार्यालयात होतं. नोंदणीकृत दस्ताची एक प्रत सरकारदप्तरी असतेच, तिची सहीशिक्क्याची नक्कल मिळते. पण त्यासाठी दस्त क्रमांक आणि वर्ष लागतं, आणि झेरॉक्सवर क्रमांकाचा शेवटचा आकडा पुसट. तो सापडला आमच्याच १९९८ च्या खरेदीखतात. चौथ्या पानावर, 'सदर मिळकत लिहून देणार यांनी अमुक क्रमांकाच्या दस्तान्वये खरेदी केली' या ओळीत. सत्तावीस वर्षं हा दस्त घरात आहे आणि मी तो परिच्छेद कधी वाचला नव्हता.

२० मार्चला नक्कल हातात आली. हातानं लिहिलेल्या नोंदी, कडेला जुना शिक्का, पहिल्या मालकांची सही. नोटिशीवर कुणाची हरकत आली नाही, वकिलांनी तसं पत्र दिलं. मूळ कागद नाही, पण नक्कल, तक्रारीचा दाखला, नोटीस आणि प्रतिज्ञापत्र असे चार कागद एकत्र जोडले की बहुतेक बँका स्वीकारतात, असं वकील म्हणाले. त्यांनी ३० वर्षांचा शोध अहवालही, म्हणजे घरावर कुणाचा हक्क किंवा बोजा नोंदला आहे का याचा अहवाल, तयार केला.

२३ मार्च

आतल्या खोलीत गच्चीखालच्या कोपऱ्यात ओल आहे. हात लावला की चुन्याची पापडी निघते. हे म्हणाले, पुट्टी भरून रंग देऊ, फोटो चांगले येतील. ताईंनी अडवलं. "जूनमध्ये परत दिसेल आणि घेणारा मला शिव्या घालेल. दाखवून विका." गच्चीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. तसा अर्ज दिला आणि अर्जाची पोचही फाईलमध्ये लावली. बघायला येणाऱ्याला तो कोपरा मी स्वतः दाखवणार.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली आणि ताईंनी जाहिरात टाकली. ८२ लाख, बोलणी करून. नऊ फोटो, त्यात एक ओल्या कोपऱ्याचा.

एप्रिल

चौदा कुटुंबं बघून गेली. अकरा जण जिन्यातच विचारत, "लिफ्ट नाही का?" जाहिरातीत लिहिलेलं असूनही. एकांनी वास्तू विचारली, एकांनी दुचाकी कुठे लावायची ते विचारलं आणि परत आले नाहीत.

१ एप्रिलपासून रेडी रेकनर, म्हणजे मिळकतीचा सरकारी दर, वाढला. दोन वर्षं स्थिर होता, या वर्षी पुणे शहरासाठी सरासरी ४.१६ टक्के. आमच्या घराचं शासकीय मूल्य आता ६३ लाखांच्या आसपास येतं. बाजारभाव त्याहून वर असल्यामुळे आम्हाला फरक पडत नाही, मुद्रांक शुल्क दोन्हींत जास्त असेल त्या रकमेवर लागतं. पण या ६३ च्या आकड्याचा संबंध पुढच्या नोंदीशी आहे.

१९ एप्रिल, शनिवार

एक गृहस्थ आले. घर दहा मिनिटांत पसंत. ८५ लाख देतो म्हणाले. मागितल्यापेक्षा तीन लाख जास्त. मग म्हणाले, "६५ चेकनं, २० रोख. ६५ रेडी रेकनरच्या वरच आहे, कुणी विचारणार नाही."

हे गप्प बसले. मीही काही क्षण गप्प होते, हे लिहायला हवं. तीन लाख म्हणजे वारज्याला जे लिफ्टचं घर घ्यायचं आहे त्याच्या लाकडी फर्निचरचा खर्च. ताईंनी त्यांच्यासमोर काही बोलणं टाळलं, ते खाली उतरल्यावर दार लावून आम्हाला बसवलं.

आयकर कायद्याचं कलम २६९एसएस सांगतं की स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायची नाही. घेतली तर कलम २७१डी प्रमाणे दंड जितकी घेतली तितकाच. म्हणजे २० लाखांवर २० लाख. आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्याला, आम्हाला. शिवाय ती रोकड पुढच्या घरात घालायची तर तिथेही कुणीतरी रोख घेणारा शोधायचा. आईंच्या नावाने सुरू केलेल्या कामात असा पैसा नको, हे मी बोलले. ह्यांनी मान हलवली. ताईंनी त्या गृहस्थांना फोन करून सरळ नाही सांगितलं. ८५ लाखांवरची त्यांची दलाली आमच्याकडूनच ८५ हजार झाली असती. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

एका तरुण जोडप्याशी ७९ लाखांना ठरलं. विसार एक लाख, चेकनं. विसारपावती ताईंनी स्वतः लिहिली आणि एक वाक्य आग्रहाने घातलं: बँकेने ३० दिवसांत कर्ज नाकारलं किंवा कमी दिलं तर विसार विनाकपात परत.

२६ मे

कर्ज कमी मिळालं. बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्याने इमारतीचं वय बघून घराची किंमत ७० लाख धरली. वरची तूट त्यांना भरता येईना. मुलगा फोनवर रडवेला झाला होता. शेजारच्या काकांनी सांगितलं, विसार जप्त करा, रीतच आहे. पण कागदावर लिहिलं होतं, आणि लिहिलं नसतं तरी त्या दोघांची चूक काय होती? २८ मेला एक लाख त्यांच्या खात्यात परत पाठवले.

एक धडा मिळाला. पुढच्या गिऱ्हाइकाला कागद दाखवताना इमारतीच्या रचनात्मक तपासणीचा अहवालही द्यायचा. आमच्या वयाच्या इमारतीला तो दर तीन वर्षांनी करावाच लागतो. सोसायटीकडे २०२३ चा होता, कपाटात पडून. प्रत घेतली.

७ जून

सचिवांकडे ना हरकत पत्र मागितलं. ते म्हणाले, हस्तांतरणाच्या वेळी इमारत निधीला ५०,००० द्यावे लागतील, मागच्यांनी दिले आहेत. ताईंनी ९ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय समोर ठेवला. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,०००. त्यापुढे देणगीच्या नावानेही सक्ती करता येत नाही. आवाज चढवला नाही, फक्त कागद ठेवला. पुढच्या समिती बैठकीत २५,००० चा ठराव झाला. तेवढे आम्ही आनंदाने देऊ, सत्तावीस वर्षं राहिलो आहोत इथे.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, विक्रीला सोसायटीचं ना हरकत पत्र लागत नाही, सूचना देणं पुरेसं असतं. पण कर्ज देणारी बँक मागतेच, त्यामुळे मिळवलेलं बरं.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामी. रस्ते बंद असतील म्हणून वाटलं कुणी येणार नाही. तरी एक जोडपं चालत आलं. त्या मयूर कॉलनीतल्या शाळेत शिक्षिका आहेत, नवरा हिंजवडीला. त्या आतल्या खोलीत गेल्या, ओल्या भिंतीवर तळहात ठेवला, वास घेतला आणि मला विचारलं, "किती वर्षं आहे?" मी सांगितलं, तीन पावसाळे. अर्जाची पोच दाखवली. त्या हसल्या नाहीत, पण खुर्ची ओढून बसल्या आणि फाईल मागितली.

दीड तास फाईल वाचली. नक्कल, नोटीस, शोध अहवाल, तपासणी अहवाल. शेवटी भावाचं बोलल्या. ७८ लाखांना ठरलं. त्यात दोन लाख विसार, १६ लाख साठेखतावेळी, ६० लाख बँकेचं कर्ज.

ताईंनी त्यांना एक गोष्ट सुचवली, जी मला माहीत नव्हती. घर एकट्या बाईंच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, नवरा कर्जात सहकर्जदार राहू शकतो. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक पाच टक्के, वर एक टक्का स्थानिक संस्था आणि एक टक्का मेट्रोचा अधिभार, एकूण सात. बाईंना सहा. ७८ लाखांवर ५ लाख ४६ हजारांऐवजी ४ लाख ६८ हजार. नोंदणी फी दोन्हीकडे ३०,०००, कारण ती एक टक्का असली तरी कमाल तेवढीच. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नवराच म्हणाला, "मग तुझ्याच नावावर."

५ जुलै

सीएंकडे गेलो. भांडवली नफ्याचं त्यांनी कागदावर मांडून दाखवलं.

घर २००१ च्या आधीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची रास्त किंमत धरता येते, मात्र त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाने ७ लाख काढली. विक्री ७८ लाख, त्यातून दलाली जीएसटीसह ९२,०४० वजा, उरले ७७ लाख ८ हजारांच्या घरात. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पद्धतींपैकी कमी कराची निवडता येते. महागाई निर्देशांक लावून २० टक्के: या वर्षीचा निर्देशांक ३७६, म्हणून ७ लाखांचे २६ लाख ३२ हजार होतात, नफा सुमारे ५० लाख ७६ हजार, कर १० लाख १५ हजार. निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के: नफा ७० लाख ८ हजार, कर ८ लाख ७६ हजार. त्यावर उपकर वेगळा. आमच्यासाठी दुसरी स्वस्त. सगळे म्हणतात निर्देशांक गेला म्हणजे तोटा झाला. प्रत्येकाने आपला हिशोब मांडून बघावा.

पण आम्ही वारज्याला लिफ्टची सदनिका घेतो आहोत, ७२ लाखांची. कलम ५४ प्रमाणे विकल्यापासून दोन वर्षांत राहतं घर घेतलं आणि नफ्याएवढी रक्कम घातली तर कर नाही. नफा ७० लाख ८ हजार, घर ७२ लाख. बसतं. घर दोघांचं होतं म्हणून नवंही दोघांच्या नावावर, दोघांचा पैसा घालून. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नाहीत तर बँकेत भांडवली नफा खातं उघडून त्यात ठेवायचे.

१४ जुलै, सोमवार

साठेखत. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात अकराची वेळ होती. शुल्क घर घेणाऱ्या शिक्षिका बाईंनी आधीच ग्रास या सरकारी संकेतस्थळावर ई-चलनाने भरलेलं, दस्ताची माहिती ऑनलाइन भरून क्रमांक घेतलेला. दोन साक्षीदार: आमच्याकडून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्याकडून त्यांचा भाऊ. दस्त हाताळणी शुल्क पानांच्या हिशोबाने. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. ह्यांचा अंगठा तीनदा उमटला नाही, ताईंनी ओला रुमाल दिला, मग उमटला.

साठेखताआधी ताईंनी दस्ताचं प्रत्येक पान दोन्ही बाजूंना मोठ्याने वाचून दाखवलं. सदनिका क्रमांक, चतुःसीमा (चारही दिशांना काय आहे ते), चौरस मीटर, पॅनची अक्षरं. एका ठिकाणी पूर्व-पश्चिम उलटं होतं. दुरुस्त केलं. चुकीची चतुःसीमा नोंदली गेली असती तर नंतर चूक दुरुस्ती पत्र करत बसावं लागलं असतं.

किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावाने आधीच भरायचा आयकर, कापायचा असतो. बँक कर्जाची पूर्ण रक्कम थेट आमच्याकडे देणार, म्हणून सगळे ७८,००० बाईंनी आजच्या त्यांच्या हिश्श्यातून कापले. विकणारे दोन असल्यामुळे तो भरायचे २६क्यूबी फॉर्म दोन, प्रत्येकी ३९,०००. घेणारेही दोघे असते तर चार भरावे लागले असते. भरायची मुदत महिना संपल्यापासून ३० दिवस.

दलालीचा पहिला निम्मा भाग दिला.

६ ऑगस्ट

बँकेचे ६० लाख जमा. त्यांच्या बँकेच्या वकिलाने १९८६ च्या नक्कलेवर एकच प्रश्न विचारला होता, मूळ प्रत कुठे गहाण तर नाही ना? तक्रारीचा दाखला आणि जाहीर नोटीस दाखवल्यावर फाईल पुढे गेली. फेब्रुवारी-मार्चच्या त्या चाळीस दिवसांचं चीज झालं.

आज खरेदीखत नोंदवलं. साठेखतावर पूर्ण मुद्रांक भरलेला, त्यामुळे पुन्हा तो भार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

ताबा. शनिवारीच सामान वारज्याला गेलं होतं. महावितरणच्या मीटरचा आकडा, एमएनजीएलच्या गॅस मीटरचा आकडा, दोन्ही ताबापावतीवर लिहिले आणि दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. किल्ल्या पाच.

मी बाईंना नवी फाईल दिली. पहिल्या पानावर कागदांची यादी, १ ते १९, प्रत्येकासमोर 'मूळ' किंवा 'नक्कल'. पाचव्या ओळीसमोर लिहिलं आहे: '१९८६ चा करारनामा, सहीशिक्क्याची नक्कल, मूळ गहाळ, कागद ६ ते ८ पाहावेत'. आम्ही दोघींनी एकेक कागद काढून मोजला, टिपलं, आणि मग त्यांनी यादीवर सही केली.

आईंना जिन्यातून शेवटचं उतरवताना दुसऱ्या मजल्यावर थांबलो. काकूंनी खुर्ची पुसून ठेवली होती. आई बराच वेळ बसल्या, काकूंचा हात हातात धरून. कुणी घाई केली नाही. काकूंनी खुर्ची घेऊन जा म्हटलं. आईंनी नको म्हटलं, तिथे लिफ्ट आहे.

ताईंना उरलेली दलाली दिली, आणि आईंनी त्यांना खण-नारळ दिला.

२३ सप्टेंबर

उरलेली कामं. मिळकत कराचं नाव बदलण्याचा अर्ज बाईंनी केला, महावितरणचाही. सोसायटीने शेअर दाखल्यावर त्यांचं नाव चढवलं, समितीच्या ठरावाची प्रत मिळाली. २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक, उघडून बघितलं, माझ्या आणि ह्यांच्या नावावर ३९,००० प्रत्येकी दिसतात.

वारज्याच्या घराचे कागद बिल्डरकडून आले. लिफाफा दारातच उघडला, चौदा कागद होते, यादीत पंधरा. मिळाल्याची सही केली नाही.